जुन्या मोटारींच्या काचा: दोष खाचेचा, शिक्षा मशीनला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारी पावसाळ्यासाठी तयार ठेवण्याविषयी आलेला मजकूर वाचला. बॅटरी, ब्रेक, वायपर यांबाबतचे सल्ले रास्तच आहेत. मात्र दाराच्या काचा जड चालत असतील तर काच ज्यातून सरकते त्या खाचेत भरपूर ग्रीस भरावे, तरीही न चालल्यास मशीन (हँडल फिरवल्यावर काच वरखाली नेणारी दारातली यंत्रणा) बदलावे आणि पाणी आत येत असेल तर सिलिकॉनने फटी बुजवाव्यात, हे जे त्यात म्हटले आहे ते कोणी जसेच्या तसे केले तर गाडीचे नुकसान होईल. फियाट ११००, तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बेसेडर या आपल्याकडच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हा खुलासा करत आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण त्याला निमित्त आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक घेता येतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९७४ पासून पद्मिनी या नावाने बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयात आल्या आहेत आणि अनेक घरांत त्या पुन्हा उभ्या करण्याचे काम चालू आहे. दुसरीकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बाद झाली, आणि रोज हेच काम करून ज्यांचा हात बसला होता असे कारागीर आता शोधावे लागतात. अशा वेळी चुकीचा सल्ला छापून येणे महागात पडते.

काच जड झाली म्हणजे मशीन गेले, हा सर्रास समज आहे. खरे तर हे मशीन फार साधे असते. काही गाड्यांत हँडलच्या दांड्यावरचे लहान दातेरी चाक एका पंख्यासारख्या दातेरी पत्र्याला फिरवते आणि त्याचा लांब हात काच उचलतो. काहींत ढोलावर गुंडाळलेली पोलादी तार काच वरखाली ओढते. दाराचे आतले पॅड काढले की आपल्या दारात यांपैकी काय आहे ते लगेच दिसते. दोन्ही प्रकार पन्नास वर्षे टिकतात. टिकत नाही ती खाच, म्हणजे ज्यातून काच सरकते ते मखमली अस्तराचे चॅनेल. त्याच्या पोटात पातळ पोलादी पट्टी असते. मखमल झिजली की ओल त्या पट्टीपर्यंत पोहोचते, पट्टी गंजून फुगते आणि खाच आतून अरुंद होते. काच तिथे आवळली जाते, मालक हँडलवर जोर लावतो आणि मग मशीनचे दाते झिजतात किंवा हाताचा रिबेट ढिला होतो. म्हणजे मशीन बिघडते ते परिणाम म्हणून. खाच तशीच ठेवून नवे मशीन बसवले तर तेही त्याच वाटेने जाते.

ग्रीस भरल्यावर पहिले दोन आठवडे काच लोण्यासारखी चालते, म्हणून हा सल्ला लोकप्रिय आहे. पुढे त्या ग्रीसमध्ये रस्त्याची धूळ कालवली जाते. वाळूचा एखादा कण मखमलीत अडकला की काच दर फेरीला त्याच्यावरून घासत जाते आणि काचेवर उभ्या रेघा पडतात. नख अडेल इतकी खोल रेघ सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशने जात नाही, काचच बदलावी लागते. शिवाय खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. खाचेत लावायचेच असेल तर फ्रेंच चॉक (शंखजिऱ्याची पूड) किंवा कोरडा सिलिकॉन फवारा पुरेसा आहे. गाडी रंगाला जाणार असेल तर मात्र फवाराही नको, कारण सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

आता दोष खाचेत आहे की मशीनमध्ये, हे ठरवायचे कसे? काच मशीनपासून सोडवायची आणि हाताने खाचेत वरखाली करून पाहायची. काचेचे वजन काढणे सोपे आहे: एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेला अडीच किलो. दाराची काच पाव चौरस मीटर आणि ५ मिलिमीटर जाड धरली तर सुमारे तीन किलो भरते. एवढी वस्तू दोन्ही हातांच्या बोटांनी विनासायास सरकायला हवी. दम लागत असेल तर दोष खाचेत आहे. काच हाताने मोकळी चालते आणि मशीन जोडल्यावरच अडते, तेव्हाच मशीनकडे वळावे.

दाराचे पॅड काढण्याआधीही लक्षणांवरून बरेच कळते. पूर्ण प्रवासात सारखीच जड जाणारी काच म्हणजे खाच सुकली किंवा फुगली आहे. फक्त खालच्या टप्प्यात जड होत असेल तर पुढची-मागची खाच एकमेकींना समांतर नाही आणि खाली जवळ आली आहे. वर जाताना काच पुढे किंवा मागे कलत असेल तर मशीनच्या हाताच्या टोकाची नायलॉनची फिरकी झिजली आहे किंवा काच तिच्या खालच्या पट्टीत सरकली आहे. हँडल नुसतेच फिरते आणि काच ढिम्म, तर हँडलचे दाते गेले, नाही तर तार तुटली. खड्ड्यात गाडी आदळली की काच आपोआप उतरत असेल तर दांड्यावरच्या ढोलात बसवलेली ब्रेकची स्प्रिंग झिजून सुटते आहे. या स्प्रिंगची रचना मोठी हुशारीची आहे. काचेच्या भाराने ती ढोलात घट्ट बसते आणि हँडल फिरवले की सैल होते. अशा काचेखाली लाकडाची पाचर ठोकून वर्षानुवर्षे चालवलेल्या गाड्या कमी नाहीत. बरे, उपाय आहे फक्त ती स्प्रिंग बदलण्याचा.

पॅड काढायला पहिली अडचण हँडलची. काही गाड्यांत हँडलमागची चकती आत दाबली की आरपार पिन दिसते, ती बारीक पंचाने ठोकून काढायची. काहींत घोड्याच्या नालेच्या आकाराची क्लिप असते. हँडलमागे सुती फडके घालून दोन्ही टोकांनी करवतीसारखे ओढले की ती सुटते, पण उडते फार जोरात, म्हणून वरून हात धरावा. काहींत मधोमध साधा स्क्रू. काढण्यापूर्वी काच पूर्ण वर असताना हँडल कुठल्या दिशेला आहे ते चिकटपट्टीने खुणावून ठेवावे, नाहीतर दोन्ही दारांची हँडले भलतीकडेच तोंड करून बसतात. पॅड हार्डबोर्डचे असते. ते कडेला धरून ओढू नये. प्रत्येक क्लिपच्या अगदी जवळ चपटी पट्टी सरकवून एकेक क्लिप मोकळी करावी. पॅडची खालची कड फुगून भुसभुशीत झालेली दिसली तर तिचे कारण लक्षात ठेवा, त्याविषयी पुढे लिहितो.

इथे एक धोक्याची सूचना, जी त्या मजकुरात यायलाच हवी होती. लांब हाताने काच उचलणाऱ्या प्रकारच्या मशीनला काचेचे वजन तोलण्यासाठी घड्याळासारखी गुंडाळलेली जाड स्प्रिंग असते आणि ती कायम ताणलेली असते. काच सोडवून मशीन बाहेर काढले की हात एकदम झेप घेतो आणि मध्ये बोट आले तर ते कापते. म्हणून काच सोडवण्याआधी दातेरी पंखा आणि मागची प्लेट यांना एक क्लॅम्प आवळून, किंवा दोन्हींतल्या भोकांतून बोल्ट घालून, हालचाल बंद करावी. स्प्रिंगचे टोक नुसत्या पकडीने काढायला जाऊ नये.

खाच बदलताना चॅनेल विकत घ्यायचे ते काचेची जाडी मोजून. व्हर्नियर लावून पाहा. गाडीच्या चारही काचा एकाच जाडीच्या असतीलच असे नाही, कारण मधल्या काळात कुठली तरी फुटून बदललेली असते. मूळ ६ मिलिमीटरच्या जागी ५ ची काच आली की ती खडखडते, आणि ५ च्या चॅनेलमध्ये ६ ची काच घातली की रुतते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाताना त्याच जाडीच्या काचेचा एक तुकडा, कडा घासून, बरोबर न्यावा आणि दुकानातच चॅनेलमध्ये सरकवून पाहावा. दोन बोटांनी सरकला तर घ्या. लांबी दाराच्या चौकटीवरून सुतळी फिरवून मोजावी आणि वर १० सेंटिमीटर जादा धरावी. कोपऱ्यावर चॅनेल आरपार कापू नये. आतल्या दोन ओठांना इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच देऊन वळवावे, पाठ अखंड राहू द्यावी, म्हणजे कोपऱ्यातून पाणी शिरत नाही. जुना डिंक आणि गंज खरवडून, पत्र्याला गंजरोधक प्रायमर लावून, तो वाळल्यावरच नवे चॅनेल बसवावे. आधी कोरडेच बसवून काच एकदा चालवून पाहावी, चिकटवणे शेवटी.

काचेच्या खालच्या कडेला पोलादी पट्टी असते, जिच्यात काच रबरी फितीत गुंडाळून दाबलेली असते. ही पट्टी गंजली असेल तर काच कलण्याचे मूळ तिथेच आहे. काढण्यापूर्वी काचेच्या मागच्या कडेपासून पट्टीचे टोक किती अंतरावर आहे ते लिहून ठेवावे. पाच-सात मिलिमीटरचा फरकही वर गेल्यावर तिरपेपणाच्या रूपाने दिसतो. फितीची जाडी काढायची अशी: पट्टीची आतली रुंदी ८ मिलिमीटर आणि काच ५ ची असेल तर दोन्ही बाजूंना दीड-दीड उरते, फीत त्याहून किंचित जाड घ्यावी. फितीला साबणाचे पाणी लावून, लाकडी ठोकळा ठेवून, शक्यतो सुताराच्या क्लॅम्पने सावकाश दाबावी. टफन्ड (भट्टीत तापवून कणखर केलेल्या) काचेचा मध्यभाग बराच मार सोसतो, पण कडेला लागलेला एक टवका अख्ख्या काचेचा भुगा करू शकतो. काहीजण इथे व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन भरतात. ते वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि उघडे पोलाद गंजवते. चिकटवायचेच असेल तर काचेसाठीचे पॉलियुरेथेन वापरावे आणि एक दिवस हात लावू नये.

जुळवणी हा या कामाचा खरा गाभा, आणि तिथेच घाई होते. खाचांचे आणि मशीनचे बोल्ट लांबट भोकांत बसवलेले असतात ते जुळवणीसाठीच. सगळे बोल्ट आधी हाताने आवळावेत, पाना लावू नये. पद्मिनीच्या पुढच्या दारात क्वार्टर काचेचा (पुढच्या कोपऱ्यातल्या लहान तिकोनी काचेचा) उभा खांब हीच मुख्य काचेची पुढची खाच असते आणि तिचे खालचे टोक दाराच्या आत एका पायावर धरलेले असते. काच पूर्ण वर नेऊन वरच्या खाचेत सरळ बसली आहे याची खात्री करावी आणि पुढच्या खांबाचे वरचे बोल्ट आवळावेत. मग काच पूर्ण खाली न्यावी. आता दोन्ही खाचांची खालची टोके काचच आपल्या जागी आणते, तेव्हा तिथले बोल्ट आवळावेत. दोन्ही खाचांतले अंतर कमरेच्या पट्टीपाशी (काच दारात शिरते त्या कडेपाशी) आणि अगदी खाली असे दोन ठिकाणी मोजले तर फरक दोन मिलिमीटरच्या आत यावा आणि काचेला पुढे-मागे मिळून दोन-तीन मिलिमीटर मोकळीक उरावी. मशीनचे बोल्ट सर्वांत शेवटी, काच वर असताना. वर-खाली थांबण्याचे रबरी अडसर असतात तेही पाहावेत. वरचा अडसर असा की काच वरच्या चॅनेलमध्ये कागदाची पट्टी घट्ट धरेल, पण हँडल शेवटी करकचून दाबावे लागणार नाही. खालचा असा की काचेची कड कमरेच्या रबराच्या खाली जाणार नाही. ती खाली गेली की पुन्हा वर येताना रबर उलटे करून घेऊन येते आणि फाडते.

एक गैरसमजही दूर करायला हवा. या गाड्यांच्या दारांना वरची चौकट आहे, काच बॉडीला नव्हे तर दाराच्याच चौकटीला टेकते. त्यामुळे वेगात येणारा वाऱ्याचा घोंगावा काच हलवून थांबत नाही. तो दाराच्या रबराचा किंवा वाकलेल्या चौकटीचा असतो. दार अर्धे उघडून कडीच्या बाजूने वर उचलून पाहावे. ते लटलटत असेल तर आधी बिजागरीच्या पिना बदलाव्यात.

मशीन बाहेर आलेच आहे तर रॉकेलने धुवावे, वाळवावे आणि दातांना व सांध्यांना पांढरे लिथियम ग्रीस लावावे. ग्रीसची जागा ही. ढिला रिबेट ड्रिलने काढून तिथे खांद्याचा बोल्ट (शोल्डर बोल्ट) घालता येतो. झिजलेली फिरकी कुठलाही टर्नर नायलॉनच्या सळईतून लेथवर काढून देतो, पट्टीत अर्धा मिलिमीटर सुटी राहील एवढ्या व्यासाची. तारेच्या मशीनला सायकलच्या ब्रेकची तार घालण्याची पद्धत आहे, ती टिकत नाही. ती तार मोजक्या ताठ तारांची असते आणि लहान कप्पीवर वळून वळून तिचे धागे तुटतात. अनेक बारीक धाग्यांची लवचिक तारच हवी. हँडलच्या जागी मोटर बसवण्याचे संच मिळतात, त्यांच्याविषयी इतकेच म्हणतो की खाच रुतते आहे हे हाताला कळते, मोटरला कळत नाही.

क्वार्टर काच वाऱ्याने आपोआप मिटत असेल तर दाराच्या आत, तिच्या खालच्या दांड्यावर स्प्रिंग आणि नट आहे, तो थोडा आवळावा. फार आवळला तर दांडा काचेच्या चौकटीपासून तुटतो, आणि तो जोडणे जिकिरीचे. नवे रबर चढवताना ग्लिसरीन लावावे.

काच बदलायची वेळ आली तर लक्षात असू द्या की टफन्ड काच नंतर कापता येत नाही. आधी साच्यावरून कापून, कडा घासून, मगच ती भट्टीत जाते. म्हणून जुनी काच किंवा प्लायवुडचा अचूक साचा द्यावा. या गाड्यांच्या दारांच्या काचा सपाट असल्याने हे काम महाग पडत नाही. घरबांधणीची साधी काच कापून बसवणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून परत यावे. काचेवर वाहनांच्या सुरक्षा काचेचे आयएस २५५३ हे मानक उमटलेले असावे आणि रंगीत घेतली तरी बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

राहिला पाण्याचा प्रश्न. दाराच्या आत पाणी जाते हा दोष नाही. काचेवरून ओघळणारे पाणी कमरेच्या रबरातून थोडेफार आत उतरतेच आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावे अशीच ही रचना आहे. सिलिकॉनने वरची फट बुजवली की काच चालत नाही, आणि खालची भोके बुजवली तर दार हौद होते. कोकणात, मुंबईत दारांचे तळ आधी सडतात ते यामुळेच. ही भोके बहुधा तुंबलेली असतात. दाराच्या तळाशी माती, पानांचा भुगा आणि कधीकाळी फुटलेल्या काचेचे दाणे साचलेले सापडतात. ते व्हॅक्युमने ओढून घ्यावेत आणि भोके लाकडी काडीने मोकळी करावीत, स्क्रूड्रायव्हरने नव्हे, कारण रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. मग आतून मेणाचा किंवा तेलाचा गंजरोधक फवारा, भोके पुन्हा बंद होणार नाहीत याची काळजी घेऊन.

पाणी गाडीच्या आत येते ते पॅडमागचा कागद नसल्यामुळे. मूळचा डांबरी कागद केव्हाच गळून गेलेला असतो आणि पॅड काढणारा प्रत्येकजण उरलेला फाडून टाकतो. मघाशी म्हटलेली पॅडची फुगलेली कड ही याचीच खूण. २०० मायक्रॉनचे प्लॅस्टिक पॅडच्या मापाने कापून, कडेने ब्युटाइलच्या फितीने दाराच्या पत्र्याला चिकटवावे. खालची कड मात्र पत्र्याच्या बाहेर सोडायची नाही, तळाच्या फटीतून दाराच्या आत खोचायची, म्हणजे तिच्यावरून आलेले पाणी परत दारातच पडते.

पॅड लावण्याआधी एक लिटर पाणी बाटलीने बाहेरून काचेवर, कमरेच्या रबराच्या जरा वर, सावकाश ओतावे. काही सेकंदांत ते तळाच्या भोकांतून टपकायला लागले पाहिजे. टपकत नसेल तर भोके अजून तुंबलेली आहेत. टपकते आहे पण पायाखालची चटईही भिजली, तर प्लॅस्टिकची खालची कड तपासा, ती बहुधा बाहेर राहिलेली असते.

आपला विश्वासू,
जुन्या मोटारींची कामे करणारा एक वाचक, पुणे